न दिसणाऱ्या अक्षरांची कहाणी

मळणी झाली की खळ्यावर उफणणी होते, हे तुम्हाला सांगायला नको. वाऱ्याचा अंदाज घेऊन पाटी हळूहळू रिकामी करायची. भूस उडून जाते, दाणा खाली पडतो. तेवढ्याने काम संपत नाही. घरी आल्यावर बायामाणसे तेच धान्य सुपात घेऊन पाखडतात, खडे वेचतात. आता गंमत अशी की, खडा कधी कधी दाण्याएवढाच असतो, रंगानेही दाण्यासारखाच दिसतो. तरी सराईत हात चुकत नाही, कारण त्या हाताला दाण्याची ओळख असते. ज्याला ज्वारी ठाऊक नाही त्याच्या हाती सूप दिले, तर तो खड्याबरोबर दाणाही फेकून देईल.

आज मी तुम्हाला अशाच एका पाखडणीची गोष्ट सांगणार आहे. ही पाखडणी संगणकात साठवलेल्या नोंदींची. त्या नोंदींतही खडे असतात. फरक इतकाच की हे खडे डोळ्यांना दिसत नाहीत आणि कागदावर छापले जात नाहीत. पण यंत्राला ते दिसतात. समजा, एका शेतकऱ्याचे नाव दोन कागदांवर आहे. तुम्ही वाचा, मी वाचतो, दोन्हीकडे नाव एकच. यंत्र मात्र म्हणते, ‘नाव जुळत नाही.’ मग तो बापडा तालुक्याला हेलपाटे घालतो. पडद्यामागे त्या नावात एक न दिसणारे अक्षर शिरलेले असते. हे अक्षर आले कुठून? आणि ते काढताना काय जपायचे?

आरंभ आपल्याच भागातून करू. अठरावे शतक संपता संपता पुण्यात नाना फडणविसांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून छापण्याची खटपट झाली. नाना १८०० साली गेले. पुढे ते काम मिरजेस गेले आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली तिथे ताम्रपटांवरून भगवद्गीता छापली गेली. या छपाईत अक्षर आणि कागद यांच्यामध्ये काही लपलेले नव्हते. कारागिराने जे कोरले ते उमटले. जे कोरले नाही ते उमटले नाही. म्हणजे न दिसणारे अक्षर ही चीज त्या छपाईत नव्हतीच.

ती आली सुट्या खिळ्यांच्या छपाईबरोबर. जुना छापखाना पाहिलेल्या गुरुजींना आठवत असेल की, कंपोझिटर एकेक शिशाचा खिळा उचलून ओळ जुळवीत असे. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची म्हणजे काय करायचे? तिथेही शिशाचाच तुकडा घालायचा. त्याला ‘स्पेस’ म्हणत. हा तुकडा अक्षराच्या खिळ्यापेक्षा उंचीने कमी, म्हणून त्याला शाई लागत नसे आणि तो कागदावर उमटत नसे. न छापणारे पहिले अक्षर ते हेच म्हणा ना! ते दिसत नाही, पण त्याच्यावाचून ओळ उभी राहत नाही. आणि कधी ओळ सैल पडून तो तुकडा वर सरकला, तर दोन शब्दांच्या मध्ये काळा ठिपका उमटे. मग मुद्रितशोधक समासात खूण करी आणि कंपोझिटर तो तुकडा दाबून खाली बसवी. तो उपटून मात्र फेकीत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

देवनागरीला जोडाक्षरे धरून कित्येक शे खिळे लागत. त्यामुळे लिपीने यंत्रासाठी किती वाकावे, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १९१० साली औंध संस्थानाच्या मुलखात किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथून १९२० साली निघू लागलेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. या मासिकाने एके काळी इ, ई, उ, ऊ यांची वेगळी अक्षरे सोडून ‘अ’लाच वेलांटी आणि उकार देण्याची सुधारित लिपी वापरली. खिळे कमी, काम सोपे. पुढे ती पद्धत मागे पडली. लोकांच्या डोळ्यांत जुने वळण बसले होते. यंत्राची सोय झाली म्हणून वाचणाऱ्याची सवय मोडत नाही. तिकडे सातारा जिल्ह्यात वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. आज त्याच विश्वकोशातल्या नोंदी घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर वाचता येतात. शिशाच्या खिळ्यापासून पडद्यापर्यंतच्या या वाटेवर न दिसणाऱ्या अक्षरांची संख्या वाढत गेली. ती कशी, ते पाहू.

त्यासाठी क्षणभर तारखात्याकडे वळावे लागेल. आपल्या देशात १८५१ साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये प्रयोगादाखल पहिली तार सुरू झाली आणि २०१३ साली तारसेवा बंद झाली. या काळात तार पाठवण्याच्या पद्धती बदलत गेल्या. फ्रान्समधल्या बोदो नावाच्या तंत्रज्ञाने १८७४ च्या सुमारास अशी युक्ती काढली की, प्रत्येक अक्षरासाठी पाच खुणा, आणि प्रत्येक खूण एकतर ‘आहे’ किंवा ‘नाही’. पाच खुणांच्या बत्तीस जोड्या होतात. पुढे टेलिप्रिंटर आले. हे तारेवर चालणारे टंकयंत्रच. पलीकडे कुणी माणूस बसलेला नसला तरी यंत्राने आपोआप ओळ संपवली पाहिजे, गाडा डावीकडे सारला पाहिजे, कागद वर सरकवला पाहिजे. मग काही जोड्या अक्षरांसाठी न ठेवता हुकमांसाठी राखून ठेवल्या: ‘गाडा मागे आण’, ‘एक ओळ खाली जा’, ‘घंटा वाजव’. हे हुकूम अक्षरांच्याच रांगेतून, अक्षरांच्याच पोशाखात जात. कागदावर ते उमटत नसत. नाटकातला पडदा ओढणारा गडी प्रेक्षकांना दिसत नाही, तसेच हे.

१९६३ साली अमेरिकेत संगणकांसाठी एक सर्वमान्य क्रमवारी ठरली. तिला ‘आस्की’ म्हणतात. तिच्यात शून्यापासून १२७ पर्यंत १२८ जागा. त्यांपैकी ९५ जागा दिसणाऱ्या अक्षरांना, अंकांना, विरामचिन्हांना आणि मोकळ्या जागेला दिल्या. उरलेल्या ३३ हुकमांना. सातव्या क्रमांकावर घंटा, बाराव्यावर ‘नवे पान काढ’, तेराव्यावर ‘गाडा मागे’. शेवटच्या १२७ व्या जागेची कथा मजेची आहे. त्या काळी मजकूर कागदी फितीवर भोके पाडून साठवीत. एकदा पाडलेले भोक बुजवता येत नाही. मग चुकलेले अक्षर खोडायचे कसे? त्या अक्षराच्या जागी सातही भोके पाडायची. सात भोके दिसली की यंत्र समजे, इथे खोडले आहे, पुढे चला. एक ते सात या साऱ्या जागा भरल्या म्हणजे होतो १२७. खोडण्याची ती खूण फिती नाहीशा झाल्यावरही क्रमवारीत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, तारेच्या आणि फितीच्या या खुणा आमच्या सोसायटीच्या वहीत कशा येतील? येतात, त्याची कारणे ऐका.

पहिले कारण असे की, सगळ्या संगणकांनी एकच क्रमवारी मानली नाही. आयबीएम कंपनीने १९६४ साली आपले ‘सिस्टिम ३६०’ हे मोठे संगणक जाहीर केले, ते ‘एब्सिडिक’ नावाच्या वेगळ्या क्रमवारीवर. याच क्रमवारीवर चालणारा ‘एएस/४००’ हा संगणक १९८८ साली आला आणि जगभर बँका, कारखाने, गोदामे यांच्या हिशेबाला लागला. त्याचे वंशज आजही चालू आहेत. आस्कीत इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, एब्सिडिकमध्ये तोच १९३. एका यंत्रातला मजकूर दुसऱ्यात न्यायचा तर मध्ये दुभाषा हवा. या दुभाष्याला एखाद्या खुणेचा जोडीदार सापडला नाही, तर तो तिथे ‘बदली खूण’ ठेवतो. आस्कीत या बदली खुणेचा क्रमांक २६. आणि गंमत पाहा, जुन्या डॉस पद्धतीच्या घरगुती संगणकांवर २६ या क्रमांकाचा अर्थ होता ‘मजकूर इथे संपला’! समजा, तीनशे सभासदांची यादी मोठ्या यंत्रावरून छोट्या यंत्रावर आणली आणि एकशे विसाव्या नावात अशी एक बदली खूण पडली. छोटे यंत्र एकशे विसाव्या नावाशीच थांबणार. पुढचे एकशे ऐंशी सभासद यादीतून नाहीसे. यादी छापून आली तर ती नीटनेटकी दिसते; मोजल्याशिवाय कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरे कारण म्हणजे घाईत चुकून दाबलेली कळ, तारेवरचा खरखराट, किंवा एका कागदावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवलेला मजकूर. वर सांगितलेल्या एएस/४०० च्या पडद्यावर तर काही खुणा अक्षरांचा रंग बदलणाऱ्या, काही अधोरेखित करणाऱ्या, आणि एक पुढचा मजकूर झाकून टाकणारी. तशी खूण नावात शिरली तर त्या ओळीतले पुढचे सगळे पडद्यावरून गुप्त! नोंद जाग्यावर आहे, पण बघणाऱ्याला वाटते कोरे आहे.

म्हणून सफाई ही करावीच लागते. यात वाद नाही. खडे ठेवून भाकरी कोण खाईल? पण आंधळी सफाई काय करते, ते एका हिशेबाने दाखवतो. गुरुजी, हा हिशेब तुम्ही वर्गात फळ्यावर मांडून दाखवू शकाल.

या मोठ्या यंत्रांत रक्कम दाटीवाटीने ठेवण्याची एक रीत आहे. संगणकाची आठवण घराघरांची असते. एका घरात एरवी एक अक्षर राहते. रक्कम ठेवताना मात्र प्रत्येक घराचे दोन अर्धे करून एका घरात दोन अंक बसवतात. शेवटच्या अर्ध्यात रक्कम जमेची की नावेची, ती खूण. म्हणजे १२,३४५ रुपये तीन घरांत बसतात: पहिल्यात १ आणि २, दुसऱ्यात ३ आणि ४, तिसऱ्यात ५ आणि जमेची खूण. घराचा क्रमांक काढायचा तर डावा अर्धा सोळाने गुणायचा आणि त्यात उजवा मिळवायचा. पहिले घर झाले १६ अधिक २, म्हणजे १८. दुसरे ४८ अधिक ४, म्हणजे ५२. आता एब्सिडिकमध्ये ६४ च्या खालचे सारे क्रमांक न छापणारे. ६४ म्हणजे मोकळी जागा. कुणी सफाईचा नियम केला: ‘६४ च्या खालचे जे जे दिसेल ते काढा, तिथे मोकळी जागा भरा.’ नियम ऐकायला निर्मळ आहे. पण तो रकमेच्या घरांवर चालवला की १८ जाऊन ६४ आले, ५२ जाऊन ६४ आले. ६४ म्हणजे चार गुणिले सोळा अधिक शून्य. अर्ध्यांत लिहिले तर ४ आणि ०. तिसरे घर मात्र वाचले, कारण त्याचा क्रमांक ६४ च्या वर आहे. आता रक्कम वाचा: ४०,४०५ रुपये!

पाहिलेत? बारा हजार तीनशे पंचेचाळीसचे चाळीस हजार चारशे पाच झाले. एकाही माणसाने खोटा आकडा लिहिला नाही, कुणाचा हेतू वाईट नव्हता. फक्त अक्षरांचा नियम अंकांना लावला. ही रक्कम जर कुणाच्या कर्जखात्यावरची असेल, तर त्या घरावर काय गुदरेल, ते कृष्णाकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको. इथे उसाच्या बिलापासून सोसायटीच्या कर्जापर्यंत सगळे संसार खातेवहीच्या एका ओळीवर उभे असतात.

ही झाली अंकांची गोष्ट. आता आपल्या मराठी अक्षरांकडे येऊ, कारण तिथे हा प्रश्न अधिक नाजूक आहे.

आस्कीच्या १२८ जागांत आपल्या लिपीला एकही जागा नव्हती. मग भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ नावाची क्रमवारी तयार झाली. १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने भारतीय भाषा संगणकावर आणण्याच्या कामात मोठा वाटा उचलला. इस्कीत १२७ पर्यंतच्या जागा इंग्रजीला जशाच्या तशा ठेवल्या आणि आपली अक्षरे त्यांच्या वरच्या मजल्यावर बसवली. आता विचार करा, इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेला एक प्रसिद्ध नियम आहे: ‘१२७ च्या वरचे सारे कचरा समजून काढून टाका.’ हा नियम मराठी नोंदींवर चालवला तर काय उरेल? अंक, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा. नाव, गाव, बापाचे नाव सगळे साफ. ज्याने नियम लिहिला त्याच्या दृष्टीने आपली अख्खी भाषाच ‘न छापणारी’ होती.

त्याच सुमारास छपाईच्या सोयीसाठी श्रीलिपी, आकृती यांसारखी अक्षरसंच देणारी साधने घरोघरच्या संगणकांवर आली. त्यांनी मराठीची मोठी सेवा केली. पण प्रत्येकाची क्रमवारी वेगळी. एका संचात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संचात उघडला की वाचता न येणारी गिचमीड दिसे. शेवटी जगातल्या साऱ्या लिप्यांना एकाच वहीत जागा देणारी ‘युनिकोड’ ही क्रमवारी आली. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र वाडा मिळाला. आपल्या जुन्या मोडी लिपीलाही २०१४ साली तिथे घर मिळाले.

पण वाचकहो, याच युनिकोडमध्ये दोन अशी चिन्हे आहेत, जी दिसत नाहीत, जागा व्यापत नाहीत, आणि तरीही मराठीला लागतात. एक आहे जोडचिन्ह, दुसरे तोडचिन्ह. मागच्या आणि पुढच्या अक्षरांनी एकमेकांशी कसे वागावे, एवढेच ती सांगतात. छापखान्यातल्या शिशाच्या स्पेसची ही नातवंडेच म्हणा.

याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमावरचे गाव घ्या: कऱ्हाड. काही जण ते ‘कराड’ असेही लिहितात. पण जे कऱ्हाड लिहितात त्यांच्या त्या ‘ऱ्ह’मधला र पाहा. तो ‘सूर्य’मधल्यासारखा डोक्यावर चढून बसलेला नाही. तो पुढच्या अक्षराला आडवा चिकटलेला, चंद्रकोरीसारखा आहे. मराठीत या दोन र-कारांचे काम वेगळे. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले तर विद्वान येतील. ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी येतील. लग्नघरात ही चूक चालेल का, तुम्हीच सांगा!

आता हा आडवा र संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. जुन्या रीतीत साधा र, मग हलन्त, मग ते न दिसणारे जोडचिन्ह, आणि मग ह. नव्या रीतीत र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह; इथे जोडचिन्हाची गरज नाही. डोळ्याला दोन्ही कऱ्हाड सारखेच दिसतात. यंत्र मात्र मोजते. नव्या रीतीच्या कऱ्हाडमध्ये सहा खुणा: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. जुन्या रीतीच्या कऱ्हाडमध्ये सात. सहा आणि सात सारखे कसे होतील? म्हणून यंत्र म्हणते, गावे दोन आहेत. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेली नोंद सापडत नाही. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे या आडनावांनाही हाच ताप.

मग एखादा उत्साही सफाईवाला येतो. तो म्हणतो, न दिसणारे सगळे काढून टाकू, म्हणजे नावे जुळतील. तो ते जोडचिन्ह काढतो. काय होते? जुन्या रीतीतला र आधार सुटल्यासारखा उडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि कऱ्हाडचे ‘कर्हाड’ होते. नावे जुळली तर नाहीतच, उलट आता ती डोळ्यालाही चुकीची दिसू लागली. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ असतील तर त्यांचा ‘दर्या’ होतो. साताऱ्याच्या डोंगरात एका फटक्यात समुद्र आणला, असा हा प्रकार!

खरी दुरुस्ती वेगळी आहे. जिथे र, हलन्त आणि जोडचिन्ह एकत्र आले असतील, तिथे ते तीन उचलून ऱ आणि हलन्त हे दोन ठेवायचे. मग सात खुणांचे सहा होतात, गाव एक होते, आणि वाचणाऱ्याचे कऱ्हाड कऱ्हाडच राहते. मुद्रितशोधक वर आलेला तुकडा दाबून बसवीत असे, तशी ही दुरुस्ती. पण ती कोण करू शकेल? ज्याला संगणकही कळतो आणि मराठी र-कारांतला भेदही कळतो, तोच.

या साऱ्याचे मोल कुठे कळते? सातबाराच्या उताऱ्यात. जमिनीचा हक्क कागदावर नोंदण्याची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली. आजचा व्यवहार १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार चालतो. भूमी-अभिलेख संगणकावर आणण्यासाठी केंद्र सरकारने १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग सुरू केला. आपल्या राज्यातला त्यातला जिल्हा होता वर्धा. पुढे राज्यभर काम झाले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हस्ताक्षरातल्या वह्या, कुठे शाई पुसट, कुठे कागद जीर्ण, त्यांवरून लाखो नावे टंकलिखित करायची. चुका होणारच. म्हणून २०१७ साली राज्यात ‘चावडी वाचन’ झाले. संगणकावरचे उतारे गावात लोकांसमोर वाचून दाखवायचे, आणि ज्याची नोंद त्याने ती बरोबर की चूक ते सांगायचे. लिहिण्यातली चूक असेल तर संहितेच्या कलम १५५ खाली तिची दुरुस्ती होते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला.

चावडी वाचनाची ही कल्पना मला फार मोलाची वाटते. यंत्र खुणा मोजते. नाव बरोबर आहे की नाही हे त्याला ठाऊक नसते. ते नाव ज्याचे आहे त्याला, आणि त्याच्या गावाला ते ठाऊक असते. शेवटचा मुद्रितशोधक गाव आहे.

जाता जाता, ज्यांच्या हाती अशा याद्या असतात त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. शाळेत विद्यार्थ्यांची नावे भरणारे गुरुजी, सोसायटीचे सचिव, ग्रामपंचायतीत काम करणारी मुले, हे सारे यात आले.

पहिली गोष्ट, सफाईपूर्वी मूळ यादीची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवा. ती कितीही घाण असो, तिला हात लावू नका. दाणा चुकून फेकला गेला तर तो तिथूनच परत मिळेल.

दुसरी, आधी मोजा, नंतरही मोजा. नावे तीनशे होती, तीनशेच राहिली का? रकमांची बेरीज तीच आहे का? ही साधी पडताळणी मोठमोठे अनर्थ टाळते.

तिसरी, अंकांची घरे आणि अक्षरांची घरे एका सुपात पाखडू नका. आणि जिथे यादी ठराविक रुंदीच्या रकान्यांत असते, तिथे खडा नुसता उचलू नका; त्याच्या जागी मोकळी जागा ठेवा. बाकावरचा एक मुलगा उठला आणि बाकीचे एकेक जागा सरकले तर हजेरीपटाप्रमाणे बसवलेली रांग बिघडते, तसे तिथे होते. नावाचे शेवटचे अक्षर जागचे हलते आणि गावाचे पहिले अक्षर नावात शिरते.

चौथी, कुठल्याही न दिसणाऱ्या चिन्हाला कचरा म्हणण्याआधी ते तिथे काय काम करते ते विचारा. घंटेची खूण नावात असेल तर खुशाल काढा. नावात घंटेचे काही काम नाही. पण ऱ च्या पाठीशी उभे असलेले जोडचिन्ह दिसले तर थांबा, आणि मराठी जाणणाऱ्याला बोलवा.

गुरुजी, वर्गात एक खेळ करून पाहा. संगणकावर दोन्ही रीतींनी कऱ्हाड लिहा आणि मुलांना विचारा, यांत फरक काय? मुले सांगतील, काही नाही. मग यंत्राला दोन्ही शब्दांची लांबी मोजायला सांगा. सहा आणि सात हे आकडे पाहून मुलांचे डोळे कसे विस्फारतील, ते पाहा. त्या दिवशी त्यांना लिपीही कळेल आणि यंत्रही.

असो. मिरजेच्या कारागिराने तांब्यावर अक्षर कोरले तेव्हा त्याला ते अक्षर ठाऊक होते. आज कोरणारा हात यंत्राचा आहे, आणि त्याला अक्षराचा अर्थ ठाऊक नाही. तो ठाऊक असण्याची जबाबदारी आपल्याकडे राहिली आहे. पुढच्या वेळी सातबारा किंवा शाळेचा दाखला हाती आला, तर घडी घालून खिशात टाकण्याआधी त्यावरचे नाव एकदा मोठ्याने वाचा. जुळत नसेल तर त्याच दिवशी सांगा.